शुभ शुक्रवारचा कडू घास

शुभ शुक्रवारी चर्चच्या गल्लीत चूल पेटत नाही. गॅसची शेगडीसुद्धा नाही. दुपारी चर्चमध्ये वधस्तंभावरचं शेवटचं वचन होतं, माणसं एकमेकांशी न बोलता घरी येतात आणि मगच कुठं कुणी चहाचं आधण ठेवतं. लेकरांना आदल्या दिवशीची भाकर असते, तीही दाराआड. त्या दिवशी कुणाच्या पत्र्यावर धूर दिसला, तर अख्खी गल्ली मान वर करून बघणार, हे ठरलेलं.

त्या वर्षी धूर दिसला तो सालोमीबाईच्या पत्र्यावर. आणि चोरून नाही, चांगला उजाडल्यावर, दार सताड उघडं टाकून.

सालोमीबाईला गाव सालूअक्का म्हणतं. गाव कमलनगरच्या अलीकडचं, जीप येते-जाते एवढं. तिथल्या शाळेत ती दुपारचं जेवण शिजवते. बाई इतकी मऊ की भांडंसुद्धा हळूच खाली ठेवते, त्याला लागेल म्हणून. पण उपासकाळ लागला की तिचा नेम पक्का. ईस्टरपर्यंत दिवस मावळल्याशिवाय अन्नाचा कण नाही, आणि शुभ शुक्रवारी पाण्याचा थेंबही नाही. थोरला पोरगा तापातून वाचला, त्या वर्षापासूनचा हा नेम. नवस म्हणा, आभार म्हणा. एकदाही मोडला नव्हता.

आता शाळाभर लेकरांचं सांबार ढवळायचं आणि चव बघायची नाही, हे काही सोपं नव्हे. मीठ बघायचं काम तिच्या जोडीदारणीचं, अंबुबाईचं. अंबुबाई मेंढरं राखणाऱ्या घरची. डावातला थेंब तळहातावर घ्यायची, चाटायची आणि म्हणायची, "तुज्या येसूला सांग, आज मीठ बरोबर पडलंय."

वर्षानुवर्षं एका चुलीपुढं दोघींचे हात भाजले. तरी अंबुबाई सालूच्या घरी येऊन कधी पाणी प्यायली नव्हती आणि सालूनंही कधी पी म्हटलं नव्हतं. गावात काही गोष्टी अशाच झाकण घालून ठेवलेल्या असतात. झाकण कुणी उचलत नाही, म्हणून सगळ्यांचं बरं चालतं.

त्या वर्षी सालूच्या वाट्याला एक मोठी गोष्ट आली होती. शुभ शुक्रवारी वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात. तोवर सातही पुरुषच. नवे आलेले पास्टरसाहेब सोलापूरकडचे, वयानं लहान. त्यांनी तिसरं वचन सालूला दिलं. मरता मरता लेकानं आपली आई शिष्याच्या हवाली केली, ते वचन. मंडळीचे वडीलधारे येसप्पा यांना ते रुचलं नाही, पण पास्टरसाहेबांपुढं ते गप्प बसले. सालू महिनाभर तांदूळ वैरता वैरता तेच मनात घोळवत होती.

आणि बुधवारी संध्याकाळी अंबुबाईचा नवरा गेला.

लिंगाप्पा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. पोरगा नाही. एकुलती एक तुळजा. उदगीरच्या दवाखान्यातली नोकरी सोडून ती गावी आली, मेंढरं राखली, बापाचं हगणंमुतणं काढलं. पुतण्या श्रीमंत सणासुदीला तोंड दाखवून जायचा. गुरुवारी सकाळी मात्र तोच आधी न्हाऊन, पंचा गुंडाळून, मयतापुढं विस्तवाचं शिंकाळं धरायला पुढं झाला. शिंकाळं ज्याच्या हातात, घर त्याचं, हे सगळ्यांना ठाऊक.

अंबुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "तुळजा धरंल."

"काकू, भावकी बसलीय. जरा समजून बोला."

"समजूनच बोलायलाव. त्येच्या तोंडात पाणी तिनंच घातलं. आता आगबी तीच देईल."

मयतापुढं भांडण नको म्हणून भावकी मसणवाट्यापर्यंत गेली. तुळजानं अग्नी दिला. आणि मग रीतीप्रमाणं मयताच्या दारात परत यायचं, कडुलिंबाचा पाला चावायचा, ते न करता सगळे जण मसणातूनच आपापल्या घरी वळले.

ज्या घरात मरण होतं तिथं तीन दिवस चूल पेटत नाही. भावकीनं नाहीतर सोयऱ्यांनी पिठलं-भाकर आणायची, शेजारी बसून आधी आपण खायची आणि मग घरच्यांना खाऊ घालायची. हा कडू घास. तो आल्याशिवाय घरच्यांनी तोंडात काही घालायचं नसतं. लिंगाप्पाच्या घरी गुरुवारी सांजेला घास आला नाही. भावकीचा निरोप आला. सावडायच्या दिवशी पोरगी मागं सरू दे, राख श्रीमंत गोळा करील. हो म्हणा, पाच घरच्या भाकरी दारात येतील.

शुक्रवारी सकाळी सालू भेटायला गेली, तेव्हा तुळजा उंबऱ्यात बसली होती. डोळे तारवटलेले.

"मावशी, आईला पहाटं चक्कर आली. दुकानातनं बिस्किटं आणते म्हणलं तर हात धरला."

आत अंबुबाई घोंगडीवर आडवी होती. ओठांना पापुद्रे धरलेले. सालूनं तिचे पाय दाबायला घेतले.

"बारा वाजता श्रीमंत येणार हाय," अंबुबाई म्हणाली. "भाकर घेऊन."

"मंग?"

"मंग काय. आता न्हाई म्हणायलाव. भाकरीचा वास आल्यावर काय म्हणंन, माजं मला ठावं न्हाई, सालू. मेलेल्यापुढं जिभेला चव ऱ्हात न्हाई म्हणतात. खोटं हाय ते. लई भूक लागलीय."

"मी आणते घास."

अंबुबाईनं डोळे उघडले. "आज तुजा मोठा दिवस न्हवं? थेंबबी घेत न्हाईस तू."

"तीन वाजता सुटतंय आमचं. तवा आणते."

"तीनला उशीर व्हईल." ती उठून बसली, भिंतीचा आधार घेत. "आन् तुला आधी खावं लागंल. तू न खाता मला चारलंस तर ती भीक व्हईल. भीकच खायची तर श्रीमंतची काय वाईट?"

तुळजा दारातून म्हणाली, "आई, तिला पेचात कामून पाडायलीस?"

"मी कुटं पाडायलाव? रीत हाय ती सांगायलाव."

सालू उठली. येते म्हणाली, आणि निघाली.

वाटेत चर्च. पास्टरसाहेब खुर्च्या मांडत होते, येसप्पा काळं कापड वेदीवर ओढत होते. सालूनं चप्पल काढली आणि दारातच उभी राहून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर येसप्पांनी कापडाची सुरकुती नीट केली.

"संपतला धाड," ते म्हणाले. संपत म्हणजे सालूचा नवरा. "तसाबी तो कुटं उपास करायलाय. खाईल दोन भाकरी, पुण्य लागंल."

"बाईचा घास बाईनंच द्यायचा असतो, अण्णा."

"मयताचं अन्न ते. त्यांच्या देवाला दाखवलेलं."

"घास देवाला दाखवत न्हाईत. मागं उरलेल्या माणसाला दाखवतात."

पास्टरसाहेब खुर्ची हातात धरूनच म्हणाले, "ताई, तीनपर्यंत थांबता नाही का येणार? तुमचं वचन आहे आज. एवढ्या वर्षांचा नेम आहे तुमचा, मी तर सगळीकडं सांगतो."

सालू पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पास्टरसाहेब, मी त्याच वचनाचा विचार करायले महिनाभर. त्या शुक्रवारी लेकाला खाली उतरवलं, पुरलं. मरियेला शिष्य घरी घेऊन गेला. मंग तिच्या तोंडात पहिला घास कुणी घातला आसंल?"

पास्टरसाहेबांनी येसप्पांकडं बघितलं.

"शास्त्रात लिहिलेलं न्हाई ते," येसप्पा म्हणाले.

"न्हाई लिहिलेलं. पण कुणीतरी घातला आसंलच की. जगली न्हवं ती."

"शब्दात धरू नगं, सालोमी. नेम मोडून आलीस तर आधी वेदीपुढं गुडघे टेकायचे, चुकलं म्हणायचं, मंगच वचन. न्हाईतर तुजं वचन मी बोलतो. बग बाई."

"बघते."

"बघते म्हंजे?"

"म्हंजे न्हाई, अण्णा," सालू म्हणाली. चप्पल घातली आणि निघाली. पाठीमागं खुर्ची जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

घरी संपत बाजेवर पडून मोबाइल बघत होता. बायको चुलीत काटक्या घालताना दिसली तसा उठून बसला.

"डोकं फिरलं का? आज?"

"पीठ काढा डब्यातलं. ज्वारीचं."

"गल्ली जमा व्हईल, सालू. गेल्या साली मी फकस्त पानपट्टीवर उभा होतो, तर तुज्या त्या येसप्पानं प्रार्थनेत माजं नाव घेतलं."

"तुमी पान खाल्लं होतं."

"एकच खाल्लं होतं," संपत म्हणाला आणि पीठ काढून दिलं. काडी पेटेना, तेव्हा त्यानंच वाकून फुंकर घातली. धूर पत्र्यावर चढला. समोरच्या घरातली गौरम्मा बाहेर आली, वर बघितलं, सालूच्या दाराकडं बघितलं, आणि काही न विचारता आत गेली. अर्ध्या घटकेत बातमी गल्लीच्या टोकाला होती. संपत दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "व्हय, आमचीच चूल हाय. दिसायली न्हवं, मंग इचारता कामून?"

कडू घासाच्या पिठल्याला फोडणी द्यायची नसते. नुसतं मीठ, मिरची, पीठ. सालूनं सवयीनं डाव वर धरला आणि शेजारी बघितलं. मीठ बघायला कुणी नव्हतं. तिनं अंदाजानं घातलं.

ती निघाली तेव्हा बाराला बराच अवकाश होता. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, दुसऱ्या हातात पिठल्याचं पातेलं. मागच्या बोळातून जवळ पडतं. ती मधल्या रस्त्यानं गेली, चर्चच्या दारावरून.

अंबुबाईच्या घरात ती खाली बसली. तुळजानं अंगणातल्या झाडाचा लिंबाचा पाला आणून दिला. तिघींनी चावला. तोंड कडू झालं. सालूनं भाकर मोडली, पिठल्याला लावली आणि डोळे मिटून पुटपुटली. येसूचंच नाव घेतलं तिनं, अंबुबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग घास तोंडात घातला.

तिला वाईट वाटायला हवं होतं. घशाशी अडकायला हवा होता घास. पण खरं सांगायचं तर भूक लागली होती, आणि भाकर गोड लागली. त्याचीच तिला थोडी लाज वाटली. मग तीही गेली.

दुसरा घास तिनं अंबुबाईपुढं धरला. अंबुबाईनं घासाकडं बघितलं, सालूच्या हाताकडं बघितलं. दारासमोरून दोन बाया पाण्याला चालल्या होत्या, त्या रेंगाळल्या. तुळजा दार ओढून घ्यायला उठली.

"ऱ्हाऊ दे," अंबुबाई म्हणाली. "उगडंच ठेव. बघू दे."

आणि तिनं तोंड उघडलं.

चावता चावता ती रडायला लागली. नवरा गेला त्या संध्याकाळीही नव्हती रडली. सालूनं पाठीवरून हात फिरवला आणि पुढचा घास केला, त्याच्या पुढचा केला. तुळजाला चारला, आपणही खात राहिली. मधे एकदा अंबुबाई नाक पुसत म्हणाली, "मीठ कमी हाय."

"तू न्हवतीस बघायला."

चौथा-पाचवा घास चालू असताना श्रीमंत आला. पांढरा शर्ट, हातात स्टीलचा चारताळी डबा. मागं भावकीतले दोघं. उंबऱ्यातच थांबला. ताटाकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं.

"काकू, हे काय करायलाव?"

"जेवायलाव."

"कुणाच्या हातचं?"

अंबुबाईनं तोंडातलं गिळलं. "माहेरचं."

"तुमचं माहेर औरादला. भाऊ मरून चार सालं झाली. कुणाला सांगायलाव?" त्यानं सालूकडं बोट केलं नाही, पण मान तिकडं वळवली. "तिकडच्या गल्लीतलं खाऊन भावकी सोडायलाव तुमी. उद्या पोरीला कोण करून घेईल?"

तुळजा म्हणाली, "माजी काळजी काल मसणातनं परस्पर घरी गेलाव तवा सोडलाव, दादा. आता कशाला धरायलाव?"

मागच्या दोघांतल्या एकाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. श्रीमंतनं डबा उंबऱ्यावर ठेवला. तिघींतल्या एकीनंही हात लावला नाही.

सालूला वाटलं आपण काही बोलू नये. परक्याच्या भावकीतलं भांडण. पण पोटात भाकर गेली होती, आणि ती आता परकी राहिली नव्हती.

"श्रीमंतदादा," ती म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात, ऐकायला पुढं वाकावं लागतं तसल्या. "घास आणला आसंल तर बसा. आधी तुमी खा, मंग काकूला चारा. निरोप आणला आसंल तर डबा घेऊन जावा."

श्रीमंत उभाच राहिला. बसायचं तर सालूच्या पातेल्याशेजारी बसावं लागत होतं. त्यानं डबा उचलला. झाकण खडखडलं. अंगणात गेल्यावर तो मोठ्यानं म्हणाला, "सावडायला बघू कोण येतंय ते."

"उजाडताच जायचंय," तुळजानं आतूनच सांगितलं. "यायचं आसंल तर या. पुढं मी हाय."

अंबुबाई पुन्हा भिंतीला टेकली. तोंडावर जरा तरतरी आली होती. "जा आता," ती सालूला म्हणाली. "तुजं वचन हाय न्हवं?"

चर्चमध्ये पहिलं वचन संपून दुसरं चालू होतं. सालू हात धुऊन गेली होती, पण बेसनाचा पिवळा डाग पदरावर तसाच होता. वचन बोलणाऱ्यांसाठी पुढं एक बाक मोकळा ठेवलेला असतो. ती जाऊन त्या बाकावर बसली.

दुसरं वचन संपलं. गीत झालं. येसप्पा उठून तिच्यापाशी आले आणि वाकून म्हणाले, पण मागच्यांना ऐकू जाईल असं, "खाल्लीस?"

"खाल्ली."

"किती?"

"अर्धी भाकर. पिठलं. लिंबाचा पाला."

मागं बायकांत कुजबुज झाली. पास्टरसाहेब वेदीपाशी उभे होते. त्यांनी सालूकडं बघितलं. ती चुकले म्हणेल आणि सगळं सोपं होईल, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. जागा नवी, आणि येसप्पांच्या घरचेच मंडळीत निम्मे.

"ताई," ते म्हणाले, "एक शब्द म्हणा फक्त."

सालू उभी राहिली. "रोज रातच्याला मी देवापुढं माज्या चुका मोजते, पास्टरसाहेब. लई असतात. नवऱ्यावर वरडलेलं असतं, कुणाच्या लेकराला भात कमी वाढलेला असतो. आजच्या पण सांगंन रातच्याला. पण त्यात ही भाकर न्हाई घालणार. चूक न्हाई ती. चूक म्हणले तर माज्या तोंडातनं आज खोटं जाईल, आन् तेबी त्येच्या वधस्तंभापुढं. ते मला जमायचं न्हाई."

"मंग वचन न्हाई," येसप्पा म्हणाले.

"नगा देऊ."

"आन् हा बाक वचनवाल्यांचा हाय. मागं बायकांत जाऊन बस."

सालू खाली बसली. त्याच बाकावर, होती त्याच जागी. पदर नीट केला, डाग वर आला तरी तो फिरवून झाकला नाही. मांडीवर हात ठेवले आणि समोर बघत राहिली.

येसप्पा थोडा वेळ तिच्यापाशीच उभे राहिले. बाईमाणसाला हाताला धरून उठवता येत नाही, आणि शुभ शुक्रवारी तर नाहीच. शेवटी ते वेदीपुढं गेले, खिशातून कागद काढला आणि तिसऱ्या वचनावर बोलायला लागले. आई म्हणजे काय असते, यावर बोलले. बराच वेळ बोलले. सालूनं सगळं ऐकलं. एक-दोन गोष्टी त्यांनी चांगल्या सांगितल्या, तिथं तिनं मान डोलावली.

मग चौथं, पाचवं, सहावं, सातवं. तीन वाजेपर्यंत ती तिथंच बसून होती. सगळे पांगले, कुणी तिच्याशी बोललं नाही. संपत तेवढा दारात तिच्या चपला सरळ करून उभा होता. उभ्या आयुष्यात त्यानं ते केलं नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत तिनं दुसरं काही खाल्लं नाही. नेम होता तो होताच.

शनिवारी उजाडता उजाडता सावडायला निघाल्या. पुढं तुळजा, हातात राखेसाठी नवं मडकं आणि पाण्याचा तांब्या. मागं अंबुबाई, तिच्या बाजूला सालू, भाकरीचं गाठोडं कडेला धरून. बायका मसणात जात नाहीत म्हणतात. या तिघी गेल्या. वळणावर भावकीतले चार जण आधीच उभे होते, आणि जरा लांब श्रीमंत. कुणी अडवलं नाही. तिघी पुढं गेल्या तसे ते मागून चालायला लागले. गावात सावडायला गेलो नाही म्हणून तोंड काळं करून घ्यायचं, तेही परवडणारं नव्हतं.

तुळजा वाकून राख भरत होती. गरम होती अजून, बोटं भाजत होती. तिनं हात मागं घेतला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "पाणी शिंपड आधी." तो श्रीमंतचाच आवाज होता. तिनं पाणी शिंपडलं.

अंबुबाई दगडावर बसून बघत होती. सालूच्या कानाशी म्हणाली, "काल तुज्या चर्चात काय झालं? गावभर आवई हाय."

"मागं जाऊन बस म्हणले."

"बोलू दिलं न्हाई?"

"न्हाई."

"मंग गं?"

"मंग काय," सालू म्हणाली आणि गाठोड्याची गाठ सैल करायला लागली. "उठले न्हाई मी."